सुरक्षा-झडपा : त्यांचे प्रकार व परस्पर भेद

कुकरची शिट्टी झाली म्हणजे घरातील मंडळी शिट्ट्या मोजू लागतात. परंतु ती शिट्टी कशामुळे होते व कशासाठी होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पुष्कळांची समजूत अशी की, डाळ शिजल्याची ती वर्दी होय. वस्तुतः आत डाळ आहे की नुसते पाणी, हे त्या शिट्टीस ठाऊकही नसते. झाकणावरील ते लहानसे वजन म्हणजे एक झडप आहे. आतील वाफेचा दाब ठरीव मर्यादेस पोहोचला की ती उचलली जाते, जादा वाफ बाहेर सोडते, आणि दाब उतरताच पुन्हा आपल्या जागी बसते. हिचीच भावंडे आपल्या भंडारा व शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील धान उकडणाऱ्या गिरण्यांच्या बॉयलरांवर, वरठीच्या पोलाद कारखान्यात, फार काय, रस्त्यावरील पंक्चरच्या दुकानातील हवेच्या टाकीवरही बसलेली आढळतील. सर्वांचे काम एकच असले तरी त्यांची घडण मात्र निरनिराळी असते. एका ठिकाणी उत्तम चालणारी झडप दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी, क्वचित घातकही ठरते. असे का होते, हे नीट कळावे एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम भय कशाचे, ते पाहू. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळते व त्याहून अधिक तापत नाही. बंद बॉयलरात दाब वाढतो तसा उकळण्याचा अंशही चढत जातो. वातावरणाच्या दाबाखेरीज दर चौरस सेंटिमीटरवर १० किलोग्रॅम दाब असलेल्या बॉयलरात पाणी सुमारे १८४ अंशांवर असते, आणि तरीही ते पाणीच असते. आता बॉयलरचा पत्रा अकस्मात फाटला असे समजा. दाब नाहीसा होताच एवढे तापलेले पाणी पाणी म्हणून राहूच शकत नाही. त्याचा सुमारे सहावा भाग क्षणार्धात वाफ होतो. एक हजार किलोग्रॅम पाण्यातून अशी १६० किलोग्रॅम वाफ निघाली, तर तिला सुमारे २६० घनमीटर जागा लागेल. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व चार मीटर उंच अशी वर्गखोली २४० घनमीटरांची होते. म्हणजे एक सबंध वर्गखोली भरून उरेल इतकी वाफ पापणी लवण्याच्या आत बाहेर पडते. बॉयलर फुटला असता भिंती पडतात व लोखंडाचे तुकडे दूरवर फेकले जातात, त्याचे कारण हे. विस्तवापेक्षा तापलेल्या पाण्याचेच सामर्थ्य येथे अधिक असते.

सर्वांत साधी झडप वजनाची. भोकावर वजन ठेवावयाचे. वाफेचा वर रेटा वजनापेक्षा अधिक झाला की ते उचलले जाणार. तिचे गणित पाचव्या इयत्तेतील मुलासही सुटेल. भोकाचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरचा दहावा भाग धरा, आणि दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम दाब झाला असता झडप उघडावी अशी इच्छा धरा. तर वजन हवे एक किलोग्रॅमचा दहावा भाग, अर्थात १०० ग्रॅम. घरगुती कुकरची रचना साधारणतः याच हिशेबाची असते. त्या दाबावर आतील उष्णता सुमारे १२० अंशांपर्यंत चढते व म्हणूनच तूर लवकर शिजते. या झडपेचा गुण असा की, वजन कधी थकत नाही, ताणत नाही, गंजूनही फारसे बदलत नाही. दोष असा की, भोक मोठे झाले म्हणजे वजनही अवाढव्य लागते. शिवाय यंत्र हलू लागले की वजन नाचू लागते व झडप भलत्या वेळी उघडते.

पहिली अडचण दूर करण्यास तरफ उपयोगी पडली. फ्रान्समध्ये जन्मलेल्या देनी पापँ नामक शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे मऊ करणारे एक बंद पात्र ठेविले. तेच आजच्या कुकरचे मूळपुरुष म्हणता येईल. त्या पात्राच्या झडपेवर त्याने दांडी आडवी घालून तिच्या टोकास वजन अडकविले. लांब दांडीमुळे थोडे वजन पुष्कळ काम करते, हे तरफेच्या पाठात आपण शिकलाच आहात. समजा, झडपेचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर आहे व दाबाची मर्यादा ७ किलोग्रॅम आहे. वाफेचा एकूण रेटा १४० किलोग्रॅम झाला. नुसते वजन ठेवावयाचे तर एका पोत्याहून अधिक भार हवा. परंतु टेकूपासून झडप १० सेंटिमीटरवर व वजन ७० सेंटिमीटरवर असेल, तर दांडीचे स्वतःचे वजन सोडून देता २० किलोग्रॅम पुरतात.

परंतु या सोयीतच एक मोठे संकट दडलेले होते. तेच वजन कोणी दांडीवर बाहेर सरकवून ८४ सेंटिमीटरवर नेले, तर झडप ७ ऐवजी ८.४ किलोग्रॅमवर उघडेल. अवघे १४ सेंटिमीटर सरकविण्याचा अवकाश, की दाबाची मर्यादा एकपंचमांशाने वाढली! त्यास ना हत्यार लागते, ना फार बळ. पाहणाऱ्यास काही बदलल्याचे कळतही नाही. इंजिनाने अधिक ओढावे म्हणून, वाफ वाया जाते म्हणून, अथवा नुसता आवाज नको म्हणूनही माणसे असे करीत. अमेरिकेत चार्ल्सटन येथे १७ जून १८३१ रोजी ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ या आगगाडीच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. झडपेतून सुटणाऱ्या वाफेच्या सुसकाऱ्यास कंटाळून तेथील आगवाल्याने झडप बंद धरून ठेविली होती, असे त्या घटनेचे कारण सांगितले जाते. त्या बिचाऱ्याचा त्यात अंत झाला.

धावत्या इंजिनावर वजनाचा उपयोग नाही, म्हणून तेथे स्प्रिंग आली. स्प्रिंगची झडप आडवी, तिरपी कशीही हलली तरी तिचा जोर तोच राहतो. आरंभी तीही इंजिनवाल्याच्या हाती सापडे. पेच आवळला की मर्यादा वाढली. इंग्लंडातील जॉन रॅम्सबॉटम या अभियंत्याने १८५५ च्या सुमारास यावर मोठी युक्ती काढली. त्याने दोन झडपा शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर एकच आडवी दांडी घातली, आणि ती दांडी मध्यभागी एका स्प्रिंगने खाली ओढून धरिली. दांडीचे एक टोक इंजिनवाल्याच्या हाताशी ठेविले. झडप चिकटली तर नाही ना, हे त्याने ती हलवून खुशाल पाहावे. मात्र एक झडप दाबावयास गेला की दुसरी उघडणार. माणसावर पहारा ठेवण्यापेक्षा यंत्राचीच घडण अशी करावी की लबाडी साधूच नये, हा विचार मला तरी फार शहाणपणाचा वाटतो. गोंदियाहून सातपुडा ओलांडून नैनपूर-जबलपूरकडे जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी अनेक पालकांनी पाहिली असेल. तो मार्ग आता रुंद झाला आहे. परंतु नागपुरास मोतीबाग येथे २००२ साली उघडलेल्या अरुंदमापी रेल्वेच्या संग्रहालयात जुनी इंजिने जपून ठेविली आहेत. तेथे जाणाऱ्या मुलांनी चाके व भोंगा यांवरच संतुष्ट न होता वाफेच्या इंजिनाची पाठही न्याहाळावी. झडपांची जागा तेथेच असते.

वाफेच्या स्प्रिंग-झडपेत आणखी एक खुबी असते. झडप उचलू लागली म्हणजे स्प्रिंग अधिक दाबली जाते व तिचा विरोध वाढतो. मग झडप जेमतेम उघडून अडून राहील व पुरेशी वाफ सुटणार नाही. म्हणून झडपेच्या चकतीची कड बैठकीच्या बाहेर थोडी वाढविलेली असते. झडप किंचित उघडताच निसटणारी वाफ त्या वाढीव कडेखाली सापडते, तिला रेटा देण्यास अधिक क्षेत्रफळ मिळते, आणि झडप ‘फट्’ असा आवाज करून एकदम पूर्ण उघडते. ती मिटते तीही उघडण्याच्या दाबाहून काहीशी खाली आल्यावरच. नाही तर ती सारखी उघडझाप करून आपली बैठक ठेचून घेईल. बॉयलरची आग जोरात असतानाही झडप उघडल्यावर दाब मर्यादेच्या दहा टक्क्यांहून अधिक चढू नये, इतकी वाफ तिला सोडता आली पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे झडप कोणत्या दाबास उघडते एवढेच विचारून भागत नाही. ती किती सोडते, हाही प्रश्न तितक्याच महत्त्वाचा होय.

दोन वर्षांपूर्वी वरच्या वर्गातील मुलामुलींस घेऊन आम्ही उसना तांदूळ करणारी एक गिरणी पाहावयास गेलो होतो; तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. धान भिजविणे, वाफविणे, वाळविणे, कांडणे, आणि धानाचीच तुसे जाळून बॉयलर पेटविणे, हे सारे मुलांनी आवडीने पाहिले. झडप नवी व चांगली होती. परंतु वाफ बाहेर नेणाऱ्या तिच्या नळीच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबलेला होता. आमच्यातील एका मुलीने कारण विचारले, तेव्हा नळीतून पाणी ठिबकून खाली रचलेली पोती भिजतात, असे उत्तर मिळाले. पोती हलविता आली असती! बॉयलरवाले गृहस्थ भले होते. त्यांनी ओशाळून तो बोळा तत्काळ उपसून काढला.

अशाच गोष्टींसाठी सरकारी तपासणी अस्तित्वात आली. १८६३ साली कलकत्त्यास बॉयलरचा भयंकर स्फोट होऊन अनेक माणसे मेली, आणि पुढील वर्षी बंगाल प्रांताने बॉयलरच्या तपासणीचा कायदा केला. नंतर निरनिराळ्या प्रांतांनी निरनिराळे कायदे केले. ती विसंगती १९२३ च्या अखिल भारतीय कायद्याने दूर झाली. त्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, २५ लिटरांहून लहान पात्रास हा कायदा लागू होत नाही. अर्थात घरातील कुकर तपासावयास कोणी निरीक्षक येणार नाही. ते काम घरातील माणसानेच करावयाचे आहे.

आता ज्या भेदाविषयी फार घोटाळा होतो, त्याकडे वळू. वाफ व हवा यांची झडप निराळी आणि पाणी व तेल यांची निराळी. वाफ दाबली असता आकुंचन पावते व सोडली असता कितीतरी पटींनी फुगते. म्हणून दाब उतरविण्यास तिचा पुष्कळ भाग बाहेर काढावा लागतो, व तिची झडप एकदम सताड उघडणारी हवी. पाणी मात्र जवळजवळ दबतच नाही. म्हणून बंद टाकीतून थोडेसे पाणी निसटले तरी दाब झपाट्याने पडतो. तेथे फट्कन उघडणारी झडप बसविली तर ती उघडताच दाब पडेल, लगेच आदळून मिटेल, पुन्हा दाब चढेल, पुन्हा उघडेल. आणि वाहते पाणी वरचेवर अडल्याने नळांस हातोड्याचे घाव बसल्यासारखे धक्के बसतील. म्हणून द्रवाची झडप दाब वाढेल तसतशी हळूहळू उघडणारी करितात. इंग्रजी शास्त्रात पहिलीस सेफ्टी व्हाल्व्ह व दुसरीस रिलीफ व्हाल्व्ह म्हणतात. बाजारात ही नावे सर्रास एकमेकींच्या जागी वापरली जातात, त्यास इलाज नाही. दोन्ही प्रकारची कामे करणाऱ्या मिश्र झडपाही असतात.

द्रवाच्या झडपेचे उदाहरण ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये आहे. बेताबाहेर ओझे उचलू लागले की तेल या झडपेतून परत टाकीत जाते व ओझे जागचे हलत नाही. दुसरे उदाहरण घरातील गीझरचे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापविले असता ते अर्ध्या लिटरहून अधिक फुगते. पाणी मागे फिरू नये म्हणून नळीत अटकाव असतो, तेव्हा त्या वाढीव पाण्याने जावे कोठे? ते या झडपेतून थेंब थेंब गळते. असे गळणे हा बिघाड नव्हे. तेच झडपेचे काम होय. ‘गीझर गळतो’ म्हणून त्या तोंडास बूच मारणारे कारागीर आढळतात. त्यांना तसे करू देऊ नये.

मोठ्या रासायनिक कारखान्यांत अनेक झडपांचे निकास एकाच मोठ्या नळात सोडलेले असतात. त्या नळातच दाब साचला तर तो झडपेस मागून रेटतो व तिचा हिशेब बिघडवितो. म्हणून तेथे चकतीच्या पाठीशी धातूचा भाता बसवून त्या उलट दाबाचा परिणाम नाहीसा करितात. याहून चतुर प्रकार पायलटच्या झडपेचा. हीत मोठी झडप स्प्रिंगऐवजी आतील वाफेच्याच दाबाने वरून दाबून ठेविलेली असते, आणि एक लहान झडप मर्यादा होताच वरचा दाब सोडून देते. मग मोठी झडप उघडते. स्प्रिंगची झडप मर्यादेच्या जवळ आली की कुजबुजू लागते, थोडे थोडे गळते. ही मात्र शेवटपर्यंत घट्ट राहते. तथापि तिच्या बारीक नळ्यांत घाण अडकली तर सारी चतुराई व्यर्थ, म्हणून मळकट द्रवास ती चालत नाही.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी अशीच पायलटची झडप उघडली आणि मिटेना. फलकावरील दिवा पाहून लोकांस ती मिटली असे वाटले. परंतु तो दिवा झडप मिटल्याचे सांगत नव्हता, मिटण्याचा हुकूम गेल्याचे सांगत होता. दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिले व अणुभट्टीचा सुमारे अर्धा गाभा वितळला. झडपेने उघडावे यासाठी जेवढी काळजी घ्यावी तेवढीच तिने पुन्हा मिटावे यासाठीही घ्यावी लागते.

यांखेरीज एकदाच कामास येणारी साधने आहेत. पातळ धातूची चकती ठरीव दाबास फाटते व पुन्हा मिटत नाही. मात्र ती अगदी घट्ट असते व तीत अडकण्यासारखे काही नसते. दुसरे साधन वितळणाऱ्या खुंटीचे. लंडनजवळ ग्रिनिच येथे १८०३ साली रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या इंजिनाचा बॉयलर फुटून माणसे दगावली; तेव्हापासून त्यांनी भट्टीच्या माथ्यावर शिशाची खुंटी बसविण्यास आरंभ केला. पाणी आटून पत्रा उघडा पडला की शिसे वितळते व त्या भोकातून वाफ शिरून आग मंदावते. ही खुंटी दाब जाणत नाही, उष्णता जाणते. दाबाची झडप शाबूत असताही कोरडा पडलेला बॉयलर धोक्याचा असतो, ती उणीव ती भरून काढते. हीच खुंटी कुकरच्या झाकणावर वाटाण्याएवढ्या रूपात असते. वजन रोजच उचलले जाते, म्हणून त्यास नियामक म्हणावे. ही खुंटी मात्र एरव्ही कधी हलत नाही. ती वितळली तर कुकर बनविणाऱ्यांचीच नवी बसवावी. स्वस्त मिळाली म्हणून दुसरी घालणे, अथवा एखाद्या स्क्रूने भोक बुजविणे, म्हणजे घरात न तपासलेला बॉयलर ठेवणे होय.

झडप उघडल्यावर बाहेर पडणारी वस्तू कोठे जाते, हा प्रश्न वाफेच्या बाबतीत फारसा पडत नाही. विषारी वायूच्या बाबतीत मात्र तोच मुख्य ठरतो. भोपाळ येथे युनियन कार्बाइडच्या कारखान्यात २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरून दाब चढला, आणि झडप उघडली. तिने आपले काम केले. परंतु पुढे वायू धुऊन काढणारे यंत्र त्या लोंढ्यापुढे अपुरे पडले, आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता. टाकी शाबूत राहिली. शहरातील हजारो माणसे मेली.

सुट्टीत मुलांनी घरी दोन कामे करावी. कुकर थंड असताना झाकणाची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते रोज पाहावे. डाळीच्या फेसाने ती बुजली तर वजन असून नसल्यासारखे होते. पिन वा सुई फिरवून ती साफ करावी, आणि शिट्टी लवकर होते म्हणून वजनावर दुसरे काही ठेवू नये. दुसरे काम गणिताचे. एका कुकरच्या नळीच्या भोकाचा व्यास ३.५ मिलिमीटर असून वजन ९९ ग्रॅम आहे. तर झडप किती दाबास उघडेल? मग आपल्या घरचे वजन किराणा दुकानातील काट्यावर तोलून व भोकाचा व्यास मोजून तेच गणित पुन्हा करावे, आणि दोन्ही उत्तरे शाळा उघडल्यावर शास्त्राच्या वहीत लिहून आणावी.